गाठ किती किलोची? : डेटा ग्रंथपालाचे काम

नागपुरातून वर्धा रोडने दक्षिणेला निघालो की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. इथे रस्ता फुटतो. एक वर्ध्याकडे जातो, दुसरा जाम-हिंगणघाट करत हैदराबादकडे. एमआयडीसीमुळे हे नाव विदर्भात सगळ्यांच्या ओळखीचे आहे. अलीकडे मात्र बुटीबोरीच्या पत्त्यावर दोन शिक्षणसंस्थांच्या पाट्याही लागल्या आहेत. जवळच्या वारंगा गावात भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ यांचे नागपूरचे परिसर आहेत. दोन्ही संस्था २०१६ सालच्या. एकीकडे संगणक, दुसरीकडे कायदा, आणि आजूबाजूला कारखाने, विहिरी, कापसाची शेते.

अशा ठिकाणच्या कुठल्याही ग्रंथालयात हल्ली एक प्रश्न हमखास येईल. "मॅडम, बुटीबोरीच्या विहिरींच्या पाण्याचा डेटा भेटेल का?"

पुस्तक मागितले असते तर कपाट दाखवून काम भागले असते. डेटा मागितल्यावर उलट विचारावे लागते : कोणत्या वर्षीचा? कोणी मोजलेला? कोणत्या मापात? हे प्रश्न विचारणे आणि त्यांची उत्तरे पुढे येणाऱ्या माणसासाठी लिहून ठेवणे, हे डेटा ग्रंथपालाचे काम. पदनाव नवे असले, तरी कामाचा पिंड जुनाच आहे.

डेटा ग्रंथपाल म्हणजे नेमके कोण?

ग्रंथालयातली डेटा एंट्री करणारी व्यक्ती, असा एक समज असतो. तो चुकीचा आहे. हा संगणक दुरुस्त करणारा माणूसही नव्हे आणि संशोधकाला आकडेमोड करून देणारा संख्याशास्त्रज्ञही नव्हे. त्याच्याकडे साधारण चार कामे असतात. हवा तो डेटा कुठे आहे ते शोधून देणे, विद्यापीठातल्या संशोधकांनी जमवलेला डेटा समजेल अशा रीतीने वर्णन करून घेणे, तो वर्षानुवर्षे टिकेल असा ठेवणे, आणि कोणाला काय दाखवायचे व काय झाकायचे हे ठरवायला मदत करणे.

यातले वर्णनाचे काम सर्वांत मोलाचे आणि सर्वांत दुर्लक्षित. पुस्तकाला मुखपृष्ठ असते, प्रस्तावना असते, लेखकाचे नाव असते. पुस्तक स्वतःची ओळख स्वतः करून देते. आकड्यांच्या फाइलला यातले काहीच नसते. ती मुकी असते. तिच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते.

हे पद आले कुठून?

समाजशास्त्रज्ञांची सर्वेक्षणे एकदा वापरून फेकून देऊ नयेत, हा विचार साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ साली अनेक विद्यापीठांनी मिळून सर्वेक्षणांचा सामायिक साठा सुरू केला. १९६७ साली ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठात तसाच संग्रह उभा राहिला. पंचकार्डांच्या त्या जमान्यात ही पेट्या आणि चुंबकीय फितींची राखण होती.

या कामाला खरी मागणी आली ती २०११ नंतर. त्या वर्षीच्या जानेवारीपासून अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने अनुदानाच्या प्रत्येक अर्जासोबत 'डेटाचे तुम्ही काय करणार' याचा दोन पानी आराखडा मागायला सुरुवात केली. आराखडा कसा लिहायचा हे प्राध्यापकांना ठाऊक नव्हते. ते ग्रंथालयाकडे वळले. पुढे २०१६ साली संशोधकांच्या एका गटाने चार कसोट्या मांडल्या : डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'फेअर' तत्त्वे म्हणतात.

आपल्याकडच्या ग्रंथपालांना यात फारसे नवे वाटू नये. गणिताचे प्राध्यापक असलेले शियाली रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ वापरासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. 'ग्रंथ' काढून 'डेटा' शब्द घाला, डेटा ग्रंथपालाचे कर्तव्यपत्रक तयार होते.

नागपूरचा आकडा चार राज्यांत

शोधून देण्याचे काम वाटते तितके सोपे नसते. समजा, एखाद्याला नागपूर जिल्ह्याच्या लोकसंख्येची १९३१पासूनची मालिका हवी आहे. तो महाराष्ट्राचे जनगणना खंड मागतो. १९६१ आणि त्यानंतरचे मिळतात. त्याआधीचे मिळत नाहीत, कारण नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हतेच. १९३१ आणि १९४१चे आकडे मध्य प्रांत व वऱ्हाडच्या खंडांत आहेत. १९५१चे आकडे मध्य प्रदेशच्या खंडांत, कारण नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशची राजधानी होते. १९५६ ते १९६० विदर्भ मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्या चार वर्षांचे शेतीचे वा शिक्षणाचे आकडे मुंबई राज्याच्या अहवालांत शोधावे लागतात. जिल्हा जागचा हलला नाही, कागद मात्र चार राज्यांच्या कपाटांत गेले.

दुसरी फसगत याहून वाईट, कारण ती दिसत नाही. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ साली सुमारे २१ लाख होती आणि २००१ साली सुमारे ११ लाख. दहा वर्षांत दहा लाख माणसे गेली कुठे? कुठेही नाहीत. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. चंद्रपुरातून १९८२ साली गडचिरोली निघाला, तिथेही हीच गत. ज्याला हा इतिहास ठाऊक नाही तो विद्यार्थी आलेखात दरी काढतो आणि तिच्यावर निष्कर्ष लिहून मोकळा होतो. आलेखाखाली एक ओळ लिहायला लावणे, हे डेटा ग्रंथपालाचे काम.

बुटीबोरीही याला अपवाद नाही. कधीकाळी ग्रामपंचायत होती, आता नगर परिषद आहे. हद्द बदलली की लोकसंख्या बदलते. नावाचेही तेच. कुठे 'बुटीबोरी', कुठे 'बुटी बोरी', आणि बोरी नावाची गावे तर विदर्भात ढीगभर. म्हणून जाणता ग्रंथपाल नावावर विसंबत नाही, गावाचा सरकारी संकेतांक मागतो. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक संस्था निर्देशिकेत प्रत्येक गावाला असा क्रमांक दिलेला आहे. नाव बदलते, लिहिण्याची तऱ्हा बदलते. क्रमांकाने गाव ओळखता येते.

एक फाइल, जवळून

आता विहिरींच्या त्या प्रश्नाकडे परत येऊ. समजा, एका जुन्या प्रकल्पाची फाइल पेन ड्राइव्हवर सापडली. नाव : 'फायनल_२_नवीन'. आत साठ ओळी आणि पाच रकाने. पहिल्या ओळीत असे काही : ठिकाण 'बोरी पॉइंट ३', तारीख '०६/१०/१८', पुढे 'पाणी ९००', मग '०', आणि शेवटचा रकाना रिकामा.

तारीख घ्या. आपल्या रीतीने ती ६ ऑक्टोबर. पण मोजणाऱ्याच्या संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर १० जून. नागपूरकडे १० जूनला विहिरी तळाला गेलेल्या असतात, ६ ऑक्टोबरला पावसाळा उरकून त्या भरलेल्या असतात. विहिरीच्या अभ्यासात पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे मोजमाप हाच तर मुख्य फरक. एका तिरप्या रेघेच्या घोळात ऋतूच बदलला. म्हणून डेटा ग्रंथपाल तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहायला लावतो : २०१८-१०-०६. तिचा दुसरा अर्थ काढता येत नाही.

'पाणी ९००' म्हणजे काय? पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ९०० मिलिग्रॅम असेल, तर ते पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातल्या ५०० या इष्ट मर्यादेच्या बरेच वर आहे, मात्र दुसरा स्रोत नसल्यास चालणाऱ्या २,००० या मर्यादेच्या आत. पण मोजणाऱ्याच्या हातातले उपकरण पाण्याची विद्युतवाहकता दाखवणारे असेल, तर ९००चा अर्थ क्षार साधारण ५७५ मिलिग्रॅम. आकडा तोच, पाणी वेगळे.

मग ते '०'. हा रकाना फ्लोराइडचा असेल, तर ते मोजले आणि अजिबात सापडले नाही? की उपकरणाला दिसण्याइतके नव्हते? की त्या दिवशी मोजलेच नाही आणि टाइप करणाऱ्याने रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून शून्य ठोकले? या तीन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि फाइलीत तिघींचा चेहरा एकच.

डेटा ग्रंथपाल यातले काहीही स्वतःच्या मनाने दुरुस्त करत नाही. मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवतो, तिला हात लावत नाही. मग ती जमवणाऱ्या माणसाला गाठतो. तो निवृत्त झालेला असतो, नाहीतर त्याने पुण्याला नोकरी धरलेली असते. फोनवर विचारून प्रत्येक रकान्याचा अर्थ, माप, उपकरण, विहिरीचे अक्षांश-रेखांश लिहून घेतो. त्यातून एक-दोन पानांचे टिपण तयार होते. जे समजलेच नाही तिथे 'अज्ञात' असे स्पष्ट लिहितो. साठ ओळींच्या फाइलीसाठी दोन दिवस जातात. माणूस गाठता आला नाही, तर दोन महिन्यांतही काही होत नाही.

गाठ किती किलोची?

विदर्भात मापाचा हा प्रश्न कापसात सगळ्यांत ठळक दिसतो. केंद्रीय कापूस संशोधन संस्था १९७६ साली नागपुरात सुरू झाली, तिचा परिसर बुटीबोरीकडे जाणाऱ्या याच वर्धा रोडवर आहे. कापसाच्या उत्पादनाचे सरकारी आकडे गाठींत असतात. आज गाठ म्हणजे १७० किलो रुई. पण स्वातंत्र्याच्या सुमाराच्या तक्त्यांत गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे जवळजवळ १७८ किलोची आहे, आणि मधल्या काळात १८० किलोची गाठही वापरात होती. तिन्ही तक्ते एकाखाली एक चिकटवून कोणी पन्नास वर्षांचा आलेख काढला, तर काही ठिकाणी सहा टक्क्यांपर्यंतची वाढ किंवा घट फक्त गाठीच्या आकारामुळे दिसेल. शेतात काहीच घडलेले नसेल.

वर्षाचाही असाच पेच. सरकारी हिशेबाचे वर्ष एप्रिल ते मार्च, कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. '२०१०-११' हे लेबल दोन्हीकडे तेच, महिने वेगळे. बाजारात भाव खंडीत सांगतात आणि शेतकरी क्विंटलात. त्यात शेतकऱ्याचा कापूस सरकीसकट असतो, तर गाठीत फक्त रुई. ज्याने हे कधी पाहिलेले नाही त्याला तक्त्यातून ते कळण्याची सोय नसते. म्हणून चांगल्या डेटा ग्रंथपालाला विषयाची थोडी तरी चव लागते. जिनिंगमध्ये एकदा जाऊन आलेला माणूस गाठीचे वजन विचारायला विसरत नाही.

मराठी अक्षरांचे दुखणे

परदेशी पाठ्यपुस्तकांत नसलेली एक अडचण आपल्या ग्रंथालयांत रोज भेटते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची मराठी सर्वेक्षणे कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फाँटमध्ये टाइप झाली आहेत. त्या फाइलींत प्रत्यक्षात रोमन अक्षरेच साठवलेली असतात, फाँट त्यांना फक्त मराठीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की प्रश्नावलीची सगळी उत्तरे अगम्य होतात. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात.

युनिकोडमध्ये आल्यावरही खोडी संपत नाही. 'वऱ्हाड' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र' आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. शोध घेताना एक प्रकार टाइप केला की दुसऱ्या प्रकारची नोंद सापडेलच असे नाही. सूचीत सगळीकडे एकच प्रकार ठेवणे आणि दुसऱ्याची वाट तिकडे वळवून देणे हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. पण ते झाले नाही तर वऱ्हाडचा निम्मा डेटा वऱ्हाडच्या माणसाला मिळत नाही.

ठेवायचे कुठे?

डेटाला मराठीत 'विदा' म्हणण्याची एक पद्धत आहे. नीट ठेवला नाही तर तो नावाप्रमाणे खरोखर विदा होतो. पेन ड्राइव्ह हरवतो, प्राध्यापकांचा लॅपटॉप बदलतो, विभागाची वेबसाइट बंद पडते.

यावर जुना आणि साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. शिवाय प्रत्येक फाइलीची गणिती खूण काढून ठेवतात. फाइलीतले एक अक्षर जरी बदलले तरी ही खूण पार बदलते. दर काही महिन्यांनी ती पुन्हा काढून जुनीशी ताडून पाहिली की फाइल आतून कुजली आहे का ते कळते. पुस्तकांना वाळवी लागली का हे पाहण्यासारखेच ते.

मांडणीसाठी अनेक विद्यापीठे डीस्पेस हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. ते २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने एका संगणक कंपनीबरोबर तयार केले. ज्या संस्थेकडे स्वतःची सोय नाही तिच्या संशोधकांना युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २०१३ साली सुरू केलेला झेनोडो हा खुला साठा वापरता येतो. तिथे ठेवलेल्या डेटाला डीओआय हा कायमचा क्रमांक मिळतो. पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो, आणि लेखात पुस्तकासारखाच डेटाचाही हवाला देता येतो.

विधी विद्यापीठातल्या संशोधकाची अडचण थोडी वेगळी. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर प्रलंबित खटल्यांचे आकडे सर्वांना खुले आहेत, पण ते सतत बदलतात. आज प्रबंधात लिहिलेला आकडा परीक्षकाला सहा महिन्यांनी तिथे दिसणार नाही. त्यासाठी पाहिल्याची तारीख नोंदवून त्या दिवसाची प्रत जपून ठेवणे, एवढा एकच उपाय आहे.

काय द्यायचे, काय झाकायचे?

सगळाच डेटा खुला करायचा नसतो. बुटीबोरीजवळच्या एखाद्या खेड्यातले आरोग्य सर्वेक्षण घ्या. नावे काढून टाकली म्हणजे झाले, असे संशोधकाला वाटते. पण ओळीत लिहिले आहे : स्त्री, वय ४७, विधवा, बचत गटाची अध्यक्ष, शिलाई काम. गावात अशी बाई एकच. नाव नसले तरी तिचा आजार साऱ्या गावाला कळला.

म्हणून वयाऐवजी वयोगट, गावाऐवजी तालुका, व्यवसायाऐवजी ढोबळ वर्ग, अशी काटछाट करावी लागते. काटछाट जास्त झाली तर डेटा अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही, कमी झाली तर माणूस उघडा पडतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामाला काही अटींवर मोकळीक दिली आहे. त्या माहितीच्या आधारे कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, ही त्यातली एक अट. मुलाखत घेतानाच 'ही माहिती पुढे इतर अभ्यासकांना दिली तर चालेल का' असे विचारून घेतलेले असले की अर्धे काम सोपे होते. नंतर गावोगाव फिरून परवानगी मागता येत नाही.

आपल्याकडची चौकट आणि नोकरी

भारत सरकारचे डेटा-देवाणघेवाण धोरण २०१२ साली आले आणि सरकारी खुल्या डेटाचे संकेतस्थळही त्याच वर्षी सुरू झाले. पीएचडीचे प्रबंध डिजिटल स्वरूपात जमा करण्याचा दंडक विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली घातला. ते गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' साठ्यात जातात. या इन्फ्लिबनेटची सुरुवात १९९१ साली पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या छत्राखाली झाली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये खर्चून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना मिळतात.

यात एक फरक लक्षात घ्यायला हवा. प्रबंध आला, लेख आला, पण त्यांच्या मागचा डेटा बहुतेक वेळा आलेला नसतो. प्रबंधातला तक्ता हा शिजवलेला भात, डेटा म्हणजे धान. दुसऱ्याला वेगळे काही शिजवायचे असेल तर धानच लागते.

'डेटा ग्रंथपाल' या नावाची जाहिरात आपल्याकडे क्वचितच दिसते. हे काम सहायक ग्रंथपाल किंवा माहिती शास्त्रज्ञ या पदांवरची माणसे करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक ग्रंथपालासाठी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट लागते, ठरावीक अटींत बसणाऱ्या पीएचडीधारकांना परीक्षेतून सूट असते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. पदवीखेरीज शिकायच्या गोष्टी अशा : तक्त्यांची सफाई, थोडे प्रोग्रामिंग, वर्णनाची मानके, परवाने आणि कायदा. याहून मोठे कौशल्य म्हणजे संशोधकाला न दुखावता 'हे शून्य म्हणजे काय?' असे विचारता येणे.

ग्रंथपाल येईपर्यंत

ज्या संस्थेत असे कोणी नाही तिथल्या संशोधकाला स्वतःपुरती सुरुवात आजही करता येते. फाइलीशेजारी एक साधे टिपण ठेवायचे. त्यात डेटा कोणी, कधी, कुठे, कशाने मोजला. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि माप. शून्य आणि रिकामी जागा यांत काय फरक केला आहे. ठिकाणाचा संकेतांक. मागाहून काय बदलले आणि का. अर्ध्या तासाचे काम आहे, फक्त मोजमाप ताजे असतानाच करायचे.

विहिरींचा डेटा मागायला आलेल्या त्या विद्यार्थ्याला कदाचित आज रिकाम्या हाताने परत जावे लागेल. पण तो आता स्वतः बादली आणि मीटर घेऊन विहिरीवर जाईल. त्याच्या वहीतल्या पहिल्या ओळीत आकड्यासमोर माप आणि तारखेत वर्ष आधी लिहिलेले असेल, तर वीस वर्षांनी येणाऱ्याला तरी 'भेटेल' असे सांगता येईल.